सहा मेस्त्र्यांचं छत

आमच्या घरमालकांनी आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, पण काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत जेवढे म्हणून शेअर विकले गेले, ते सगळे त्यांच्या तोंडाकडं बघून. हे वाक्य मी समोरच्या रावगारूंना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "झूट. मैं सिर्फ दो बार बेचा." बरं, दोनदा. माझ्या आणि रावगारूंच्या आकड्यांत असा फरक नेहमीच पडतो. ते बँकेतून निवृत्त झालेत, त्यामुळं खरा आकडा सांगायची त्यांना सवय लागली आहे. मी कॉम्प्युटर कंपनीतला, मला अंदाज सांगायचा पगार मिळतो. वाचकांनी माझा आकडा घ्यावा, निम्मा करावा, आणि उरेल तो रावगारूंना कळवू नये.

घरमालकांना सगळी गल्ली नुसतं 'मालक' म्हणायची. त्यांच्या मालकीचं म्हणाल तर दोन मजले, एक छत्री, एक थर्मास आणि स्टीलचे सहा पेले. वरच्या मजल्यावर मी आणि माझी बायको भाड्यानं राहायचो. खालच्या मजल्यावर पुढच्या खोलीत मालक आणि मागच्या दोन खोल्यांत सुलोचनाअम्मा. अम्मा इडल्या करून विकायची. तिचं मराठी आमच्याकडून शिकलेलं आणि इडलीपात्राच्या वाफेवर शिजलेलं. मालकांची जन्मभराची नोकरी सरकारात, जमिनीच्या जुन्या उर्दू कागदांचं तेलुगूत आणि मराठीत भाषांतर करण्याची. त्यामुळं कुठलीही गोष्ट तीन भाषांत सांगितल्याशिवाय ती घडली असं त्यांना वाटतच नसे. नळाला पाणी आलं की ते तीनदा ओरडत. तिसऱ्या भाषेपर्यंत पाणी गेलेलं असे.

त्यांचा खरा उद्योग सकाळी साडेसहाला सुरू व्हायचा. मे महिना असो की पाऊस, गळ्यापर्यंत बटणं लावलेला लांब कोट घालून, थर्मास आणि पेले पिशवीत टाकून ते चौकातल्या मजुरांच्या अड्ड्यावर जात. गवंडी, बिगारी, रंगारी, फरशीवाले तिथं उभे असत. गिऱ्हाईक येई, बोली होई, माणूस स्कूटरवर मागं बसून जाई. मालक कठड्यावर बसून चहा पाजत आणि कुणाच्या पोरीचा हॉस्टेलचा अर्ज, कुणाच्या आईचा पेन्शनचा कागद भरून देत. त्यांचा नियम एकच होता. "पैसे मागू नका, अर्ज मागा." ठीक नऊला ते उठत, अड्ड्यावर काम न मिळता किती माणसं उरली ते मोजत आणि गल्लीत शिरता शिरता जाहीर करत, "आज सात उरले."

हा आमच्या गल्लीचा निर्देशांक. शून्य उरले म्हणजे तेजी. पाचाच्या वर उरले की सुलोचनाअम्मा उडदाची डाळ कमी भिजवायची. दहाच्या वर गेले की रावगारू गॅलरीतून आत जाऊन फोन हातात घेत. तोंडानं मात्र ते कधी कबूल करत नसत. "मालक, मार्केट ऐसा नहीं चलता जी. चार्ट देखना पडता."

"रावगारू," मालक खालून म्हणत, "ज्याला वाटतं की घरात चार पैसे येणार, तो आधी भिंत रंगवायला काढतो. ज्याच्या पोटात गोळा येतो, तो आधी रंगाऱ्याला नको म्हणतो. मला हे सकाळी नऊला कळतं. तुमच्या टीव्हीवाल्याला संध्याकाळी."

"और अम्मा?" रावगारू विषय बदलत. "तुम काय में डालते पैसे?"

"सोनं," अम्मा इडलीपात्राचं झाकण उघडत म्हणायची. "शेअर रोज बोलते. सोनं गप्प बसते. घरात एक तरी गप्प बसणारं पाहिजे की नाही?"

एकदा माझ्या कंपनीनं मला बेंचवर बसवलं. म्हणजे काम नाही, प्रोजेक्ट नाही, नुसतं येऊन बसायचं आणि आज काढतायत की उद्या याची वाट बघायची. मी जिन्यात तोंड पाडून बसलो होतो. मालकांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे अड्डाच की हा," ते म्हणाले. "फरक इतकाच की आमच्या अड्ड्यावर एसी नाही."

"मालक, चेष्टा नक्को. नोकरी जाईल माझी."

"ऐका. नऊला निराश होऊन घरी जातो तो चुकतो. दहाचं गिऱ्हाईक घाईत असतं, ते घासाघीस करत नाही. दहापर्यंत उठायचं नाही." मी उठलो नाही. सगळा मजला रिकामा झाला, मी बसून राहिलो. शेवटी कुणाला तरी तातडीनं माणूस हवा होता आणि खुर्चीत माणूस मी एकटाच. माझी नोकरी वाचली ती माझ्या हुशारीनं, असं मी बायकोला सांगितलं आहे. ते तसंच राहू द्या.

आता कडीची गोष्ट.

मालकांना एक मोठी बहीण, नांदेडला. आम्हीही त्यांना आक्काच म्हणायचो. आक्कांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या घरात गेलं. आधी सासरच्या स्वयंपाकघरात, मग दिराच्या माजघरात, आता पुतण्याच्या हॉलमध्ये, पडद्यामागच्या खाटेवर. मालक म्हणत, आक्का, इकडं या. आक्का म्हणायच्या, "तुझ्या पुढच्या खोलीत? म्हणजे पडदा बदलायचा, एवढंच ना? मला आतनं लावता येईल अशी कडी असलेली खोली दे, त्या दिवशी येते."

दुसऱ्या कुणी हे ऐकून गवंडी शोधला असता. मालक गौलीगुड्याच्या बाजारात गेले आणि वीतभर लांबीची पितळी कडी घेऊन आले. आधी कडी आली. मग त्या कडीला शोभेल असं सागवानी दार आलं. दार भिंतीला टेकून एक वर्ष उभं राहिलं. मग त्या दाराच्या मापानं गच्चीवर चार भिंती उभ्या राहिल्या. कडीपासून घर बांधायला घेतलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. दर रविवारी सकाळी ते चिंच लावून कडी घासत आणि दर रविवारी सकाळीच आक्कांचा फोन येई.

"छत झालं?"

"होतंय."

"दोन वर्षं होतंय तुझं."

खरंच दोन वर्षं. कारण त्या दिवसांत हैदराबादेत माणूस मिळेना. शहराच्या पश्चिमेला चाळीस-चाळीस मजली इमारती उभ्या राहत होत्या. सकाळी सहाला तिकडच्या बसगाड्या येत आणि मेस्त्र्यासकट सगळी टोळी उचलून नेत. उरलेली तरुण पोरं पाठीला चौकोनी डबा बांधून बिर्याणी पोचवायला लागली. गल्लीत कुणाचाही नळ गळो, संडासाची लादी उचकटो, उत्तर एकच, माणूस नाही. रावगारूंची गॅलरी एका बांबूवर उभी होती. त्या बांबूला पालवी फुटली असं मी म्हणतो. रावगारू म्हणतात बांबू सुका होता.

मग मंदी आली. माझ्या ऑफिसात रोज कुणीतरी खोक्यात कुंडी आणि फोटो भरून घरी जाऊ लागलं. शेअर कोसळले, रावगारू सकाळचा चहा सोडून फक्त सुस्कारे घेऊ लागले. आणि मालक अड्ड्यावरून येऊन म्हणाले, "आज शून्य उरले."

गल्ली हादरली. शून्य म्हणजे तेजी, आणि इकडं तर सगळं जळत होतं. दुसऱ्या दिवशी शून्य. तिसऱ्या दिवशी शून्य. पश्चिमेचे टॉवर अजून चालूच होते, बसगाड्या येतच होत्या. म्हणजे ताप आणि हुडहुडी एकदमच. पैसा नाही आणि माणूसही नाही.

"मालक," रावगारू गॅलरीतून म्हणाले, "तुम्हारा इंडेक्स खराब हो गया. फेक दो उसको मूसी नदी में."

मालकांना मी पहिल्यांदाच एका भाषेतही न बोलताना पाहिलं. त्या रविवारी वर आणखी आक्कांचा फोन. परभणीचा भाचा दिवाळीला न्यायला येणार आहे. त्याच्याकडंही हॉल आहे आणि पडदा नवा आहे. "मी त्याला होच म्हणणार होते," आक्का म्हणाल्या. "पण तुला विचारलं नाही असं नको. दिवाळीपर्यंत छत झालं तर कळव. नाही झालं तरी राग नाही बाबा. पडद्याची सवय आहे मला."

हे शेवटचं वाक्य मालकांना लागलं. त्यांनी त्याच आठवड्यात सेंट्रिंगवाल्याला अक्षरशः त्याच्या मेहुण्याच्या लग्नातून उठवून आणला. खोलीवर फळ्या लागल्या, सळया बांधून झाल्या. वाळू, खडी, सिमेंट येऊन गच्चीच्या कोपऱ्यात पडलं. आता फक्त काँक्रीट ओतायचं राहिलं. तेवढ्यासाठी एक मेस्त्री आणि दहा-बारा माणसं, अर्ध्या दिवसाचं काम. यादगिरी मेस्त्री मालकांचा जुना स्नेही, त्याच्या तिन्ही पोरींचे अर्ज मालकांनी लिहिलेले. त्याला त्यांनी बयाना दिला. आमच्याकडं बयाना म्हणजे नुसती आगाऊ रक्कम नव्हे. पाचशेची नोट मेस्त्रीच्या तळहातावर ठेवली की तो ती कपाळाला लावतो. मग ते काम त्याचं झालं. यादगिरीनं नोट कपाळाला लावली, सोमवारी येतो म्हणाला आणि आला नाही. फोन केला तर टॉवरवरून वारा तेवढा ऐकू आला.

"मालक, तुम्हारा प्लॅनिंग गलत है," रावगारूंना स्वतःच्या दुःखातून बाहेर यायला दुसऱ्याची चूक लागते. "एक मेस्त्री पे पूरा भरोसा? हम लोगां बोलते ना, सब अंडे एक टोकरी में नक्को रखो."

"आमच्या घरात अंडं येत नाही," मालक म्हणाले.

"तो इडली समझो जी. थोडा थोडा सब में डालो. छे में से एक तो चलता."

मालक रात्रभर विचार करत बसले असावेत. सकाळी त्यांचा चेहरा उजळला होता. "मेस्त्री काय करायलेत?" ते मला जिन्यात म्हणाले. "दहा घरचा बयाना घ्यायलेत आणि एका घरी जायलेत. मग आपण सहा मेस्त्र्यांना बयाना देऊ. पाच दगा देणार हे धरूनच चालायचं. सहावा येईल." जन्मात पहिल्यांदाच ते रावगारूंच्या पद्धतीनं गुंतवणूक करत होते. त्या दोन दिवसांत सहा तळहातांवर, त्यांत पुन्हा यादगिरीच्याही, सहा नोटा पडल्या, सहा कपाळांना लागल्या. सगळ्यांना एकच दिवस दिला, गुरुवार. सहाही जणांना बाकी पाचांचं काही सांगितलं नाही, कारण नाहीतरी येणार होता एकच.

गुरुवारी सकाळी मी बनियनवर दात घासत गॅलरीत आलो आणि ब्रश तोंडातच राहिला. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत माणसं. डोक्यावर पालथी घमेली घातलेली, खांद्यावर फावडी टाकलेली, दोन मिक्सर ढकलत आणलेली माणसं. मी दोनशे मोजली. रावगारू म्हणतात सहासष्ट. सहाच्या सहा मेस्त्री आले होते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडं, हा इथं कसा, अशा नजरेनं बघत होता.

मालक आंघोळ करून, कोट घालून दारात आले. अंगणातल्या पायरीवरच थबकले.

"यादगिरी," ते हळूच म्हणाले, "तू आलास?"

"बयाना लिया था ना मालक."

"सोमवारचा पण घेतला होतास."

यादगिरीनं मान खाली घातली. "उधर पूरा बंद पड गया. परसों से. क्रेन खडी की खडी, साब लोगां गायब. बस भी नहीं आई. सब सोचे, अब किसका बयाना है अपने पास." त्यानं मागं हात केला. "सबके पास तुम्हारा च निकला."

मंदी शेवटी अड्ड्यावर पोचली होती. पंधरा-वीस दिवस उशिरा आली आणि नेमकी आमच्या दारात उतरली. मालक त्या दिवशी अड्ड्यावर गेले नव्हते, तर अड्डाच त्यांच्याकडं आला.

आता पंचाईत बघा. गच्चीवरच्या त्या खोलीला दहा-बारा माणसं पुरे होती. मालकांच्या कोटाच्या खिशात एकाच टोळीचा रोज होता. आणि दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हे ते आम्हाला गेली कित्येक वर्षं तीन भाषांत सांगत आले होते. एक म्हातारी मजूरबाई पालथ्या घमेल्यावर बसून त्यांच्याकडं बघत होती. "भोनी करो सेठ," ती म्हणाली, "धूप चढरी."

मालकांनी एकदा गच्चीकडं पाहिलं. मग ते पायरीवर चढले आणि ओरडायला लागले. मला वाटलं माफी मागतायत. ते गल्लीची गाऱ्हाणी वाचत होते. कागद नव्हता, सगळं पाठ. "तीन नंबर, संडासाची लादी. पाच नंबर, टाकी गळायली. सुलोचनाअम्मा, मोरीचा पाईप. सात नंबर, कंपाउंडची भिंत. रावगारू, गॅलरी." आधी मराठीत, मग तेलुगूत, मग उर्दूत. दोन वर्षं जो तो त्यांच्यापाशी रडला होता, माणूस मिळत नाही म्हणून. त्यांनी एकेक रडगाणं जपून ठेवलं होतं. "माणूस आलाय," ते म्हणाले, "ज्याला पाहिजे त्यानं न्या."

कुणी हललं नाही. खिडक्यांतून नुसती डोकी दिसत होती.

"मालक," रावगारू गॅलरीतून म्हणाले, "ये टाइम पे खर्चा? मार्केट इत्ता गिरा. अब तो पैसा पकड को बैठना."

"रावगारू, तेजीत तुम्ही म्हणत होता माणूस नाही. आता माणूस आहे तर म्हणता पैसा धरून बसा. कशावर बसणार? ज्या गॅलरीत उभे राहून बोलायलात ती बांबूवर आहे. तिला मार्केट कळत नाही जी. ती तिच्या दिवशी पडणार."

रावगारूंनी खाली पाहिलं. बांबूकडं पाहिलं. एक पाऊल मागं घेतलं.

एवढ्यात सुलोचनाअम्मा पदर खोचून बाहेर आली. "दोन दे," ती म्हणाली, भाजीवाल्याला म्हणावं तसं. "मोरीला एक, ओट्याला एक. आणि ती म्हातारी पण दे, मला वाटण वाटून देईल."

एक दार उघडलं की शेजारच्याला राहवत नाही, ही गुंतवणुकीतली सगळ्यात जुनी गोष्ट. तीन नंबरवाल्यानं दोघं नेले. ते बघून चार नंबरला आठवलं की आपलीही लादी हलते. पाच नंबरनं टोळीच नेली. सात नंबरवाला लुंगीवर धावत आला. साडेआठला दोन घरांत एका प्लंबरवरून वाजलं. ज्या रावगारूंनी पैसा धरून बसायचं ठरवलं होतं, त्यांनी "पचास जादा देता" म्हणून यादगिरीची आख्खी टोळी गॅलरीखाली उभी केली. पावणेनऊला पलीकडच्या गल्लीतून लोक विचारायला आले तर त्यांना सांगावं लागलं की माणूस नाही. मजूर दारात उभे असताना पाऊण तासात टंचाई उभी करणारी गल्ली आमचीच.

नऊ वाजले. सवयीनं कुणीतरी ओरडलं, "मालक, आज किती उरले?"

मालकांनी अंगणातून नजर फिरवली. चेहरा लोण्यासारखा झाला होता. "शून्य," ते म्हणाले. मग त्यांची नजर गच्चीवर गेली. तिथंही शून्य. त्यांनी सगळी माणसं वाटून टाकली होती. स्वतःच्या छताला एकही ठेवला नव्हता.

आणि तेव्हाच फोन वाजला. मालकांचा फोन इतका मोठ्यानं बोलतो की सगळी गल्ली आक्कांना ओळखते.

"आज गुरुवार. स्लॅब ना?"

"हौ आक्का. सगळं चालू आहे."

"मग मिक्सरचा आवाज का येत नाही?"

मालकांना तीन भाषा येत, पण खोटं त्यांतल्या एकाही भाषेत जमत नसे. "माणसं वाटली," ते म्हणाले.

"किती?"

"सगळी."

"लहानपणी लाडू पण असेच वाटायचास," आक्का म्हणाल्या. "असू दे. भाच्याला हो म्हणून कळवते." आणि फोन ठेवला.

मालक पायरीवर बसले. कोटाचं वरचं बटण त्यांनी काढलं. ते बटण काढलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी खाली जाऊन शेजारी बसलो. मला घमेलं उचलता येत नाही हे त्यांनाही माहीत होतं.

समोरच्या गॅलरीखाली यादगिरी हे सगळं ऐकत उभा होता. त्यानं हातातली थापी रावगारूंच्या पायरीवर ठेवली. "सेठ, तीन बजे तक तुम्हारा हो जाता," तो रावगारूंना म्हणाला, "उसके बाद एक मिनट नहीं." मग तो गल्लीतून एकेका घरात शिरला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण प्रत्येक घरातून एक मेस्त्री बाहेर येऊन मान डोलवून आत जाताना दिसला. परत येऊन तो मालकांसमोर उभा राहिला.

"इन लोगां का काम मजदूरी है, मालक. तुम्हारा बयाना है. छे जने माथे को लगाए. छे के छे आते."

तीन वाजता आमच्या जिन्यावर माणसाला माणूस चिकटून उभा होता. दोन मिक्सर एकदम फिरायला लागले तसा खालच्या मजल्यावरचा इडलीचा रवा आपोआप चाळून निघाला. घमेली हातोहात वर जायला लागली. साखळीत एक जागा रिकामी होती ती सुलोचनाअम्मानं भरली. एक जागा रावगारूंनी भरली, देखरेखीसाठी म्हणून, इस्त्रीच्या शर्टावर. म्हातारी मजूरबाई त्यांना मागून म्हणत होती, "सीधा पकडो सेठ, बच्चा है क्या." गुरुजींनी साडेचारचा मुहूर्त सांगितला होता. गुरुजी नारळ घेऊन वेळेवर आले, तोवर काँक्रीटवर थापी फिरत होती. त्यांनी झालेल्या स्लॅबवर नारळ फोडला आणि मुहूर्त मागं घेतला.

भांडण झालं ते शेवटी. वर सहा मेस्त्री, आणि पावसाचं पाणी कुठल्या बाजूला काढायचं याबद्दल सहा मतं. एक म्हणे रस्त्याकडं, एक म्हणे नळाच्या खड्ड्याकडं, एक म्हणे कुठंही, पण याच्या बाजूला नाही. कुणीच माघार घेईना, कारण बयाना सहाही जणांचा. मालकांनी तीन भाषांत मध्यस्थी केली. चौथी भाषा नसल्यामुळं शेवटी म्हणाले, "ठीक आहे. ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला उतार द्या." त्यामुळं ते हैदराबादेतलं एकमेव छत आहे, जे मधे उंच आणि सहा दिशांना उतरतं, पालथ्या घमेल्यासारखं. त्या दिवशी स्लॅबची दावत, म्हणजे मजुरांचं जेवण, गल्लीनंच दिली. जे घर मजुरी देऊन खूश झालं होतं त्यानं एक पातेलं पाठवलं. मालकांच्या खिशातला रोज सहा टोळ्यांत वाटला तर प्रत्येकी विड्यापुरता आला. तोही यादगिरीनं कपाळाला लावून घेतला.

पुढचे तीन आठवडे मालक स्लॅबवर आळी करून सकाळ-संध्याकाळ पाणी भरत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी नांदेडला फोन केला, "भाच्याला नाही म्हणून कळवा." आक्का म्हणाल्या, "आधी बघीन."

दिवाळीच्या आधी त्या काचीगुडा स्टेशनवर उतरल्या. एक ट्रंक, एक पितळी डबा आणि सगळ्यांकडं संशयानं बघणारे डोळे. चहा नको, पाणी नको, सरळ गच्चीवर. खोलीत जाऊन त्यांनी वर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "जावईबापू दिसता या घरचे. दोन बादल्या पाणी ओता बघू वरनं." मी भाडेकरू आहे हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. शिडी लावून दोन बादल्या ओतल्या. पाणी सहा दिशांनी धो धो खाली आलं. पाच दिशांना काय झालं ते माहीत नाही, सहाव्या दिशेला रावगारू आक्कांचं स्वागत करायला नवा शर्ट घालून उभे होते.

आत मात्र थेंब नाही. आक्कांनी छताला चारी बाजूंनी न्याहाळलं, भिंतीला हात लावला. मग आम्हा सगळ्यांकडं वळून म्हणाल्या, "आता बाहेर व्हा."

आम्ही बाहेर झालो. मालक शेवटी निघाले. दार लागलं. आणि आतून कडीचा आवाज आला, इतकी वर्षं चिंचेनं घासलेल्या पितळेचा. कडी लागली. मग निघाली. परत लागली. परत निघाली. दार काही उघडलं नाही. आत आक्का उभ्या राहून नुसती कडी लावून-काढून बघत होत्या. आम्ही गच्चीवर उभे, रावगारूंच्या शर्टातून पाणी गळतंय, सुलोचनाअम्मा इडल्यांची ताटली धरून थांबलेली.

रावगारू म्हणतात, कडी चारदा वाजली. मी चाळीस म्हणतो. हा वाद अजून मिटलेला नाही. मालकांना विचारावं, तर आयुष्यभर रोज नऊ वाजता माणसं मोजणारा तो माणूस म्हणतो, "मी मोजलं नाही जी."